केंद्र नावाची पराणी

प्रश्न असा आला आहे : ‘पृथ्वीच्या कक्षेच्या केंद्रात सूर्य असतो असं नेहमी ऐकतो, पुस्तकात मात्र नाभीत असतो असं छापलंय. दोन्ही एकच ना?’

नाही हो! हे ‘केंद्रात सूर्य’ ऐकून माझे कान किटले आहेत. कक्षा लंबवर्तुळाकार असते. तिचं केंद्र मधोमध आणि त्याच्या दोन अंगांना दोन नाभी. एकीत सूर्य, दुसरी रिकामी. पृथ्वीच्या कक्षेचं केंद्र सूर्याच्या मध्यापासून सुमारे २५ लाख किलोमीटरवर पडतं आणि सूर्याचा अख्खा व्यासच १४ लाखांच्या आत आहे. म्हणजे केंद्र सूर्याच्या पोटातसुद्धा नाही, बाहेर पोकळीत आहे. म्हणूनच जानेवारीत आपण सूर्यापासून १४.७ कोटी किलोमीटरवर असतो आणि जुलैत १५.२ कोटींवर. खगोलशास्त्रज्ञ केपलरने सूर्य नाभीत असतो हे मंगळाच्या कक्षेबाबत १६०९ मध्येच छापलं. संपला प्रश्न.

आता खरी गंमत. ‘केंद्र’ची संस्कृत व्युत्पत्ती लावायला काही मंडळी धातुपाठ, म्हणजे संस्कृत क्रियामुळांची यादी, उघडून बसतात. बसू द्या. शब्द ग्रीक आहे, ‘केन्त्रॉन’. अर्थ टोचणी, बैल हाकायची पराणी! वर्तुळ काढताना कंपासचं टोक जिथे रुततं, तो टोचलेला ठिपका म्हणजे केन्त्रॉन. होरा (तास), लिप्ता (अंशाचा साठावा भाग), जामित्र ही त्याचीच ग्रीक भावंडं. जामित्र म्हणजे चक्क ‘डायमेट्रॉन’, व्यासाच्या दुसऱ्या टोकाचं. कुंडलीत लग्नस्थानाच्या बरोबर समोरचं सातवं घर. एवढी सोवळी पत्रिका, आणि तीत ग्रीक भूमिती!

पण सूर्यसिद्धान्त या जुन्या संस्कृत खगोलग्रंथात केंद्र हा बिंदू नाहीच, कोन आहे : मध्यम ग्रह (सरासरी गतीने धरलेली ग्रहाची जागा) आणि त्याचं उच्च (कक्षेतला पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू) यांतलं अंतर. टोचलेल्या ठिपक्याचा कोन कसा झाला? जाणकार याचं उत्तर भूमितीतच शोधतात. मला ते रुक्ष वाटतं. त्याच ग्रंथात उच्चावरच्या देवता वाऱ्याच्या दोऱ्यांनी ग्रहांना ओढतात असं वर्णन आहे. दोरी आली, ओढणं आलं, मग पराणीच तेवढी का परकी? ग्रहाला जोर लावणाऱ्या उच्चापासून मोजायच्या कोनाला टोचणीचं नाव शोभलं असणार, असा माझा तर्क आहे. पुरावा नाही. हसायचं त्यांनी हसावं, मी तर्क सोडणार नाही.

राहता राहिली नाभी. इथे परिभाषा ठरवणाऱ्यांशी माझं उघड भांडण आहे. संस्कृतात नाभी म्हणजे चाकाचा मधला गड्डा, ज्यात आरे येऊन बसतात. म्हणजे चाकाचं केंद्रच की! जो बिंदू मध्यावर नाही हे ठसवायचं, त्यालाच मध्याचं नाव द्यायचं, आणि मग वाचक गोंधळले म्हणून कपाळाला आठ्या घालायच्या. तुमचा गोंधळ त्यामुळे माफ.

आपण ज्याला नाभी म्हणतो त्याचा मूळ ‘फोकस’ हा शब्द १६०४ मध्ये भूमितीत आणला तोही केपलरनेच, प्रकाशशास्त्रावरच्या पुस्तकात. लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल. सूर्य कक्षेच्या चुलीत आहे म्हटलं असतं, तर कुणी त्याला मधोमध बसवलं नसतं. भिंगाखाली कागद धरून पाहा, नेमक्या ज्या ठिपक्यावर तो पेटतो, त्यालाही आपण नाभीच म्हणतो. नाभीत कधी काही पेटलेलं पाहिलंय?