माध्यमं खरंच पक्षपाती आहेत, की आपल्यालाच तसं वाटतं? बातम्यांवरचा विश्वास का उडतोय?

थोडा दोष आपल्या चष्म्याचाही आहे. १९८२ साली लेबनॉनमधल्या बैरुतमध्ये, इस्रायली सैन्याच्या ताब्यातल्या भागात, पॅलेस्टिनी निर्वासितांचं हत्याकांड झालं. त्याबद्दलच्या टीव्हीवरच्या सारख्याच बातम्या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी इस्रायल समर्थक आणि अरब समर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गट म्हणाले, या तर आमच्या विरोधात आहेत!

म्हणून माध्यमं धुतल्या तांदळासारखी आहेत असं मुळीच नाही. खोटं छापायची गरजच पडत नाही. 'मंत्री म्हणाले'च्या जागी 'मंत्र्यांनी कबूल केलं' लिहिलं की काम झालं. (मी हल्ली आधी क्रियापदच बघतो.) शिवाय वार्ताहर पाठवण्यापेक्षा स्टुडिओत चार जणांना भांडायला बसवणं स्वस्त पडतं, आणि मत हीच बातमी होऊन बसते. अमेरिकेत गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या पाहणीत १९७६ साली ७२ टक्के लोकांचा माध्यमांवर विश्वास होता; २०२४ साली उरले ३१ टक्के.