तिचं सूप आत का गेलं?

प्रश्न: मी सोलापुरात विडी कामगारांच्या वसाहतीत राहते. आमच्या बचत गटाची अध्यक्ष आहे. मागच्या पावसाळ्यात गल्लीतल्या पंधरा वर्षांच्या मुलीवर ओळखीच्याच माणसानं अत्याचार केला. केस चालू आहे. बायकांत जागृती व्हावी म्हणून आम्ही 8 मार्चला कार्यक्रम घेतोय. पोलीस मॅडमना बोलवावं की वकिलांना? मुलीच्या आईनं चार शब्द बोलले तर परिणाम होईल, पण ती नाही म्हणते. तशीही ती हल्ली आमच्या ओट्यावर विड्या वळायला येत नाही, आतच बसते. तिला कसं तयार करू?

ताई, पोलीस मॅडमना बोलवा, वकिलांना बोलवा, दोघांना बोलवा. मी अडकलेय तुमच्या ‘तशीही’वर.

विडी वळणारी बाई हौसेनं आत जाऊन बसत नाही. आत उजेड नाही, तंबाखूचा खकाणा कोंडतो, खोकून जीव जातो. ओट्यावर वारा असतो, पान कमी पडलं तर शेजारणीकडून उसनं मिळतं, बोलता बोलता हजार विड्या कधी भरतात कळत नाही. एवढं सगळं सोडून ती पान-तंबाखूचं सूप उचलून आत गेली, म्हणजे ओट्यावर काहीतरी घडलंय. ती आली की बोलणं थांबत असेल. ‘पोरीला एकटीला कशाला पाठवलीस’ असं कुणीतरी म्हणालं असेल. किंवा कुणी काहीच म्हणालं नसेल, फक्त जराशी सरकून बसली असेल. आणि ताई, तुम्ही तिथंच वळत बसला होता ना?

त्याच बाईला आता माइकपुढे उभं करायचंय! ती नाही म्हणालीय, विषय संपला. ती हो म्हणाली असती तरी मी नकोच म्हटलं असतं. आई स्टेजवर दिसली की मुलगी कोण ते कळलंच, आणि कार्यक्रमाचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत पार अक्कलकोट-पंढरपूरला पोचतो. पीडितेची ओळख उघड होईल असं काही छापणं, पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘गल्लीला माहीतच आहे’ असं म्हणू नका. गल्लीला माहीत आहे म्हणूनच तर ती आत बसलीय.

उद्या सकाळी तुमचं सूप, कात्री, दोरा घ्या आणि तिच्या घरी जाऊन तिच्या शेजारी बसा. मुलीचं काय चाललंय विचारू नका, केसचं तर नाहीच. कार्यक्रमाचं नाव काढू नका. विड्या वळा, चहा दिला तर प्या, उठा. परवा परत जा. पहिले काही दिवस ती बोलणार नाही, तुमच्याकडे बघणारही नाही कदाचित. तिचा राग रास्त आहे. तुम्ही वळत राहा.

मग कधीतरी ती आपणहून कोर्टाची तारीख सांगेल. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा पॉक्सो कायदा म्हणतो, खटला शक्यतो वर्षभरात संपवा. तारखा पडायच्या त्या पडतातच. विडीची मजुरी हजारावर, त्यामुळे कोर्टात गेलेला दिवस म्हणजे बुडालेला दिवस. त्या दिवशी तिच्या वाटच्या विड्या तुमच्या गटानं वळायच्या आणि माल कारखान्यात पोचवायचा. ती ‘चल’ म्हणाली तर तुम्ही सोबत जायचं. तेव्हाच सांगा तिला, की मुलीला तपासात आणि खटल्यात सोबत करायला बालकल्याण समितीकडून माणूस मिळू शकतो, आणि अत्याचारपीडितांसाठीच्या सरकारी ‘मनोधैर्य’ योजनेच्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारायचं असतं. हे कागद घेऊन पहिल्याच दिवशी तिच्या दारात उभ्या राहू नका म्हणजे झालं.

ओट्यावरच्या बाकीच्या बायका विचारतील, अध्यक्षीणबाई कुठं गेल्या? सांगा, तिच्याकडे बसते हल्ली. ज्यांना यायचं त्या येतील. आणि तिची ओट्यावरची जागा कुठली होती, भिंतीला टेकायची की पायरीजवळची, ते आठवून ठेवा. तिथं सध्या कोण बसतंय?