एफडी मोडून जॅक्सनची सही घेऊ का?

सांगलीच्या मारुती चौकाजवळ राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४१, ज्युनियर कॉलेजात शिक्षक, हातात महिना ६० हजार, पत्नी घरी, दोन मुलं. जुन्या सह्या जमवण्याचा नाद. अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या सहीची १८३५ ची जमिनीची सनद १ लाख ८० हजारांना मिळतेय. एफडी मोडून घेऊ का, दहा वर्षांत दसपट होईल ना, असं विचारतात.

सनदेचं आधी उरकतो. तुमच्या फोटोत जॅक्सनच्या नावाखाली 'बाय' असं लिहून डोनल्सन, सेक्रेटरी, असं आहे. मार्च १८३३ च्या कायद्यानंतर या सनदांवर अध्यक्षांच्या वतीने सचिवच सही करायचा. डोनल्सन म्हणजे जॅक्सनच्या बायकोचा भाचा. अशा सनदा हजारोंनी निघाल्या. सरदाराच्या नावाने कारकुनाने केलेली सही तुम्ही सरदाराच्या सहीच्या किमतीला घेताय. आणि दसपट म्हणजे दरसाल २६ टक्के. सोडा.

आता ती एफडी. तुम्हीच लिहिलंय, 'वर्षाला १ लाख भरायचे, दोन भरले, तिसरा जूनमध्ये.' अहो सर, एफडीला कधी वार्षिक हप्ता असतो का? सोबतच्या कागदावर 'विमा रक्कम १० लाख' असं ठळक छापलंय. ही पॉलिसी आहे, एफडी म्हणून गळ्यात मारलेली. १० वर्षं भरायचं आणि २० वर्षांनी २० लाख घ्यायचे. 'दुप्पट' ऐकून भुललात. प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो; एवढ्या काळात दुप्पट, म्हणजे दरसाल परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. साधी एफडीसुद्धा याहून बरी. शिवाय आज मोडलीत तर भरलेले २ लाखही पुरते हाती येणार नाहीत.

बरं, विमा तरी पुरेसा? उद्या तुम्हाला काही झालं तर १० लाखांत घर दीड वर्ष चालेल. आधी १ कोटीची टर्म पॉलिसी घ्या, म्हणजे नुसता विमा: मुदतीत तुम्हाला काही झालं तरच घरच्यांना पैसे. तुमच्या वयाला वर्षाला वीस-पंचवीस हजार पडतील. ती हातात आली की शाखेत लेखी अर्ज द्या: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती मिळतील, आणि पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच चालू ठेवली, तर शेवटी किती? तोंडी आकडा घेऊ नका. दोन्ही आकडे मला पाठवा, जूनच्या आत.

आणि सह्यांच्या फायली तळमजल्यावरच्या कपाटात आहेत म्हणता, त्या आजच माळ्यावर टाका. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं.