गुडघेदुखी : डायक्लोफेनॅक की शल्लकी?

प्रश्न : वय ६४. गुडघ्यांची झीज एक्स-रेत दिसली आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड चालू आहे. चार महिने रोज डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेते. जाऊबाई म्हणतात, 'ती सोड, शल्लकी घे.' दीड महिन्यापासून एका वैदूची पुडीही घेते. तिने दोनच दिवसांत आराम पडला. काय चालू ठेवू?
– एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आधी पुडी. लेबल नसलेल्या औषधाने दोन दिवसांत सूज उतरली, तर त्यात स्टेरॉइड मिसळल्याची दाट शंका घ्यावी. चेहरा सुजणं, भूक वाढणं, साखर चढणं या त्याच्या खुणा. मात्र दीड महिन्यानंतर ती एकदम तोडू नका. स्टेरॉइडमुळे शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल (नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणं कमी केलेलं असतं, मग चक्कर, उलट्या होतात आणि रक्तदाब कोसळू शकतो. पुडी दाखवायला सोबत नेऊन दोन दिवसांत डॉक्टरांकडे जा.

डायक्लोफेनॅकची गोळी मात्र आजच थांबवा. ती प्रोस्टाग्लँडिन हे दुखणं-सूज वाढवणारं रसायन बनू देत नाही, म्हणून दुखणं कमी होतं. पण जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा त्याच्याच भरवशावर चालतो. तुमच्या रक्तदाबाच्या दोन्ही औषधांच्या जोडीला ती रोज गेली, की मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकतं. पुडीत स्टेरॉइड असेल तर जठरात व्रण होण्याचा धोका आणखी वाढतो. मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन, पोटॅशियम तपासून घ्या. शौच डांबरासारखं काळं झालं तर थेट रुग्णालय गाठा.

रिपोर्ट ठीक आला, तर १ टक्क्याचं डायक्लोफेनॅक जेल डॉक्टरांना विचारून लावा : दर गुडघ्याला ४ ग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त ४ वेळा. गोळीच्या मानाने रक्तात फार थोडं उतरतं. वरून शेक देऊ नका.

शल्लकी म्हणजे सालईचा डिंक, तुमच्या शिवपुरी-श्योपूरच्या जंगलातला. ती ५-लायपॉक्सिजिनेज हे सूज वाढवणारे पदार्थ बनवणारं एन्झाइम अडवते, म्हणजे वाट वेगळी. झिजेच्या दुखण्यात प्रमाणित अर्काच्या रोज १०० मि.ग्रॅ. मात्रेने ९० दिवसांत वेदना कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. बाजारातल्या डिंकाच्या भुकटीवरून तो हिशोब लागत नाही. बाटलीवर बॉस्वेलिक आम्लाचं (शल्लकीतल्या गुणकारी घटकाचं) प्रमाण छापलेलं हवं. जेवणानंतर घ्या, तूप-तेलासोबत ती जास्त शोषली जाते. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर पैसे घालवू नका. हळदीच्या दुधाकडूनही औषधाची अपेक्षा नको : हळदीत कर्क्युमिन हा गुणकारी घटक जेमतेम ३ टक्के असतो.

सकाळी तासभर सांधे आखडत असतील आणि बोटंही सुजत असतील, तर तो झिजेचा नव्हे, सुजेचा संधिवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असू शकतो. तिथे शल्लकीवर महिने काढले तर सांधे कायमचे वाकडे होतात. संधिवाततज्ज्ञांना लगेच दाखवा.