पीव्हीसी कंड्यूट गरम करून वाकवताना चेपतो आणि करपतो. ज्योत किती ठेवावी?

तुम्ही विचारले आहे की २५ मिमीचा कंड्यूट (विजेच्या तारा ज्यातून नेतात तो पाइप) ब्लो टॉर्चने गरम करून वाकवताना आतल्या बाजूने चेपतो आणि बाहेरून तपकिरी होतो, तर ज्योत बारीक करावी की पाइप अधिक झटपट वाकवावा. माझ्या मते यातल्या कशानेही काम सुधारणार नाही. टॉर्च बाजूला ठेवून हीट गन, म्हणजे ज्योतीऐवजी गरम हवा सोडणारे यंत्र, घ्यावी.

पीव्हीसीतून उष्णता फार हळू आत शिरते. ज्योतीचे तापमान हजार अंशांच्या वर असते, त्यामुळे बाहेरचा पृष्ठभाग करपू लागतो तेव्हाही भिंतीचा आतला थर कडकच राहिलेला असतो, आणि अशा अर्धवट मऊ झालेल्या पाइपावर जोर दिला की जिथे तो सर्वांत मऊ असतो तिथेच घडी पडते. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सियसच्या आसपास आपला ताठरपणा सोडू लागते, १२० ते १३० अंशांना हाताने सहज वळते, आणि २०० अंशांच्या पुढे त्याचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. हा वायू डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, म्हणून बंद खोलीत तर टॉर्च मुळीच वापरू नये. हीट गनच्या तोंडाशीही हवा ५०० अंशांपर्यंत तापू शकते; म्हणून चार-पाच बोटांचे अंतर ठेवून गन सतत पुढे-मागे फिरवावी आणि पाइपही गोल फिरवत राहावा.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते किती लांबी तापवायची याकडे. समजा, २५ मिमीच्या पाइपाला १०० मिमी त्रिज्येचे काटकोनी वळण द्यायचे आहे. त्रिज्येला १.५७ ने गुणले की वळणाची लांबी मिळते, म्हणजे इथे १५७ मिमी. दोन्ही बाजूंना थोडी जास्त धरून सुमारे २०० मिमी पट्टा सारखा तापला पाहिजे. बोटभर जागा तापवून काटकोन काढायला गेलात तर बाहेरची भिंत ताणून पातळ होते, आतली गोळा होते, आणि कंड्यूट चेपतो. तापवायच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून घ्यावी. पाइप एका टोकाने धरल्यावर दुसरे टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकले, की तो तयार झाला असे समजावे.

त्याआधी, पाइप गार असतानाच, त्याच मापाची बेंडिंग स्प्रिंग (पाइप चेपू नये म्हणून आतून आधार देणारी लांब स्प्रिंग) आत सरकवावी आणि वळण लांब पाइपाच्या मध्यावर असल्यास स्प्रिंगला दोरी बांधावी. ५० मिमी आणि त्याहून मोठ्या पाइपांना मी दोन्ही टोकांना घट्ट बूच लावतो, कारण आत अडकलेली हवा तापून प्रसरण पावते आणि भिंतीला आतून आधार देते; पाइप पूर्ण थंड होईपर्यंत ही बुचे काढायची नसतात.

वाकवताना घाई नको. जमिनीवर खडूने वळण आखून पाइप त्या रेषेवर बसवावा, हव्या त्या कोनापेक्षा दोन-चार अंश जास्त वळवावा, कारण सोडल्यावर तो थोडा मागे येतो, आणि ओल्या फडक्याने गार करत पूर्ण ताठ होईपर्यंत तसाच धरून ठेवावा. स्प्रिंग अडकली तर जोराने हिसका देऊ नये. ती तिच्या वेटोळ्यांचा पीळ घट्ट होईल अशा दिशेने फिरवत ओढली की तिचा व्यास किंचित कमी होतो आणि ती सुटते.

हवा उबदार असेल तर २० आणि २५ मिमीचे पाइप स्प्रिंग घालून न तापवताही वाकवता येतात; त्रिज्या मात्र मोठी ठेवावी लागते. तारा आधीच ओढलेल्या पाइपाला कधीही उष्णता देऊ नये, कारण तारांचे इन्सुलेशनही बहुधा पीव्हीसीचेच असते. नुसता कोन चुकला असेल तर पुन्हा तापवून दुरुस्त करता येतो, कारण गरम झालेले पीव्हीसी आपल्या मूळ सरळ आकाराकडे परतू पाहते. पण घडी पडलेला किंवा तपकिरी झालेला तुकडा मात्र कापून टाकावा.