सीएफबीसी बॉयलरचा (हवेने राख फिरती ठेवून कोळसा जाळणारा बॉयलर) बेड ९३० अंशांवर जातोय आणि वाफ मात्र कमी पडतेय, असं का?

बेडचा, म्हणजे तळातल्या तापलेल्या थराचा, डीपी (खालच्या-वरच्या दाबातला फरक) नेहमीइतकाच, कोळसाही तेवढाच, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे उष्णता तयार होतेय, पण वरच्या वॉटरवॉलपर्यंत (पाण्याच्या नळ्यांच्या भिंतीपर्यंत) पोचत नाही. ती वर नेणारा हमाल म्हणजे बारीक राख, आणि माझ्या मते तीच कमी पडलीय.

या भट्टीत वायूचा वेग साधारण ४ ते ६ मीटर प्रतिसेकंद असतो. बारीक कण मधून वर चढतात, पण सगळेच सायक्लोनमध्ये (वायूतले कण वेगळे करून भट्टीत परत पाठवणाऱ्या भागात) जात नाहीत. बरेचसे कडेला सरकतात आणि भिंतीलगत पुंजक्यांनी खाली घसरतात. पुंजका साडेआठशे अंशांचा, नळी तीनशे-साडेतीनशेची. भिंतीला चाटून जाताना तो उष्णता देतो, निवतो आणि पुन्हा मधल्या प्रवाहात ओढला जातो. हेच अंतर्गत अभिसरण. पुंजके विरळ झाले की भिंतीला उरतं ते मुख्यतः प्रारण, आणि तेवढ्यावर वाफेचा लोड निघत नाही.

बेडचा डीपी इथे फसवतो, कारण खाली जाड खडा साचला तरी तो भरलेलाच दिसतो. वरच्या भट्टीचा डीपी बघा. हिशेब सोपा आहे: दर मीटर उंचीला १ मिमी पाणीस्तंभ म्हणजे घनमीटरमागे साधारण १ किलो घन पदार्थ. १२ मीटरवर ६० मिमी असेल तर घनता ५ किलो. तोच २४ वर आला तर २ किलो. कणांमार्फत होणारं उष्णतावहन ढोबळमानाने घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं, म्हणजे ते आधीच्या सुमारे ६३ टक्क्यांवर येतं.

डीपी कसा उतरला यावरून कारण कळतं. आठवड्यांनी हळूहळू उतरला असेल तर क्रशरचे हॅमर झिजलेत का, चाळणी फाटलीय का ते बघा. कोळसा कमी राखेचा आला असेल तरी हेच होतं. अचानक पडला असेल तर लूप सील बघा, म्हणजे सायक्लोनमधली राख भट्टीत परत सोडणारा भाग. फ्लुइडायझिंग हवा कमी झाली की राख स्टँडपाइपमध्ये (सायक्लोनखालच्या उभ्या नळात) तुंबते, रिटर्नचं तापमान घसरतं आणि नंतर सगळा ढीग एकदम भट्टीत कोसळतो. फ्लाय ॲशही (वायूसोबत बाहेर जाणारी राख) चाळून बघा. ती पूर्वीपेक्षा जाड येत असेल तर सायक्लोन कण धरत नाहीये: व्होर्टेक्स फाइंडर (सायक्लोनमधून वायू बाहेर नेणारी नळी) वाकलाय किंवा रिफ्रॅक्टरी (उष्णता सोसणारं अस्तर) गळलीय.

पीए (तळातून सोडलेली प्राथमिक हवा) वाढवून बेड थंड करायचा मोह होतो. आकडा उतरेलही, पण झीज वेगाच्या जवळपास तिसऱ्या घाताने वाढते, आणि रिफ्रॅक्टरी संपून उघडी नळी सुरू होते तिथेच आधी भोक पडतं. ९३० वर तसंच चालवत राहणंही परवडत नाही. चुनखडी गंधक नीट धरत नाही आणि राख मऊ पडणारी असेल तर क्लिंकर (राखेचा घट्ट गोळा) होतो.

तूर्तास लोड थोडा उतरवा, तळातला जाड खडा काढा आणि १०० ते ३०० मायक्रॉनची वाळू किंवा चाळलेली बेड ॲश थोडी थोडी टाका. वरचा डीपी चढून टिकला तर दोष कोळशाच्या आकारात. चढला आणि काही तासांत पुन्हा उतरला, शिवाय तीच वाळू ईएसपीच्या (बाहेर जाणाऱ्या वायूतली राख विजेने पकडणाऱ्या यंत्राच्या) हॉपरमध्ये सापडली, तर पुढच्या शटडाउनला सायक्लोनमध्ये उतरावंच लागेल.