लढाऊ विमान कोणाकडून घेतले याने एवढा फरक का पडतो?

उत्तम लढाऊ विमान पैसे मोजून मिळत असेल, तर ते कोणत्या देशाचे आहे याची चिंता परराष्ट्र खात्याने का करावी, असा आपला प्रश्न आहे. मी ग्वाल्हेरच्या लष्करात राहतो (बाहेरच्यांसाठी सांगतो, लष्कर हे इथल्या वस्तीचे नाव आहे, फौजेचे नव्हे), आणि महाराजपूरच्या तळावरून उडणाऱ्या मिराज २००० विमानांचा आवाज आम्ही कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. माझे उत्तर त्यांच्यापासूनच सुरू होते.

ही विमाने १९८५ मध्ये भारतात आली. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि आपल्या तेजस लढाऊ विमानाच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर लॉकहीड मार्टिन या अमेरिकी कंपनीबरोबर चाललेले काम थांबले. फ्रान्सने मात्र निर्बंधांचा मार्ग धरला नाही. पुढच्याच वर्षी कारगिलमध्ये मिराजला इस्रायली लायटनिंग पॉड (लक्ष्य हेरून त्यावर लेझर रोखणारे उपकरण) जोडून टायगर हिलवर लेझरच्या साहाय्याने नेम धरणारे बॉम्ब टाकता आले. त्या आठवड्यांत पॅरिसने सुटे भाग रोखले असते, तर ही मोहीम कशी झाली असती याची कल्पना आपणच करावी. पुढे राफेलसाठी भारत पुन्हा फ्रान्सकडेच वळला, यामागे ही आठवण नक्कीच होती, असे माझे मत आहे.

उलट अनुभव तुर्कस्तानचा आहे. रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण प्रणाली घेतल्यामुळे, अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानाचे भाग स्वतः बनवणारा तो देश २०१९ मध्ये त्या कार्यक्रमातून बाहेर काढला गेला.

खरी गाठ इंजिनात आहे. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी आखलेले भारतीय लढाऊ विमान मारुत १९६१ मध्ये उडाले, पण त्याच्या सांगाड्याला शोभेल असे इंजिन कोणी दिले नाही आणि ऑर्फियस या कमी ताकदीच्या ब्रिटिश इंजिनावरच त्याचे आयुष्य सरले. तेजससाठी हाती घेतलेले कावेरी इंजिन पुरेशी ताकद देऊ शकले नाही, म्हणून जनरल इलेक्ट्रिकचे एफ-४०४ बसवावे लागले. २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये मिळाले, आणि तोपर्यंत आपल्या हवाई दलाचे वेळापत्रक परक्या कारखान्याच्या सोयीने चालले. वडोदऱ्यात सी-२९५ मालवाहू विमाने बनवण्याच्या प्रकल्पाचे मला कौतुकच आहे, तरी त्या विमानाची इंजिनेही प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची आहेत.

त्यामुळे नव्या कराराची बातमी आली की मी आधी दोन गोष्टी शोधतो: इंजिनाची पाती कोण घडवणार, आणि आपले क्षेपणास्त्र त्या विमानावर चढवायला कोणाची परवानगी लागणार.